मेहुणा वगळून

सिद्धगडाच्या पायथ्याला राहणाऱ्या बारकूबाईला आमच्या भात संशोधन केंद्राच्या पैदासकाराने फसवलं. तिच्या घरचं बियाणं चाचणीसाठी म्हणून नेलं, निकामी ठरवलं, आणि मग तेच बियाणं त्याच्या मेहुण्याच्या कंपनीने पिशवीत भरून तिच्याच बाजारात विकलं. विद्यापीठाच्या संशोधन संचालकांना हे सगळं जागेवर नेऊन दाखवलं, तरी त्यांनी ‘काही आढळले नाही’ असं लिहून दिलं. खरं तर लेख इथेच संपवता येईल. पण संपादकांनी दिवाळी अंकाची पानं दिली आहेत आणि मिळालेली जागा मी कधी फुकट सोडलेली नाही.

संपादकांशी माझी आधीच घासाघीस झाली. मला नावं छापून हवी होती. ते म्हणाले, ‘नावं नकोत, हुद्देही नकोत, एक अधिकारी म्हणा.’ मी म्हटलं, एक अधिकारी म्हटलं की ते कोणालाच लागत नाही. बराच वेळ ओढाताण होऊन हुद्द्यांवर सौदा ठरला. म्हणून इथे पैदासकाराला, म्हणजे भाताच्या नव्या जाती तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला, मी नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं आहे. केंद्रात सगळे त्यांना तसंच म्हणत. संचालकांना ‘संचालक’ म्हटलं आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

माझी आई धसईच्या बाजारात वाल, काकडी, शिराळी घेऊन बसायची. मी तिच्या शेजारी बसून मोठी झाले. भाव सांगितला आणि गिऱ्हाईक पुढे निघालं की त्याला हाक मारायची नाही, त्याच्या पाठीकडे बघायचं. ज्याला खरंच घ्यायचं असतं त्याची पाठ सावकाश जाते. हे शिक्षण मला पुढे कॉलेजातल्या शिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडलं. मुरबाडला शिकले, टायपिंग शिकले, शहापूरजवळच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथेच कार्यालय अधीक्षक झाले. माझ्यासाठी कोणी शब्द टाकला नाही. तोंड फटकळ असल्यामुळे टाकणाऱ्याचीही पंचाईत झाली असती.

नव्वदच्या दशकात खाजगी बियाणं कंपन्या वाढल्या. आमच्या शास्त्रज्ञांना त्यांची बोलावणी येऊ लागली. कोणाच्या घरचे लोक त्या धंद्यात उतरले. विद्यापीठाने प्रत्येक केंद्रावर एक समिती नेमायला सांगितली. कर्मचाऱ्यांचे आणि संशोधकांचे खाजगी हितसंबंध त्यांच्या कामाच्या आड येत नाहीत ना, हे तिने पाहायचं. या समितीचा सचिव व्हायला एकही शास्त्रज्ञ तयार होईना. रोज ज्यांच्याबरोबर डबा खायचा त्यांना ‘तुमच्या जावयाचा धंदा काय?’ असं कोण विचारणार? शेवटी कोणीतरी म्हणालं, ‘भांडायला कुंदाताई बऱ्या आहेत.’ काम माझ्याकडे आलं.

बाहेरच्या माणसाला हे काम असं सांगता येईल. बाजारात जो तराजू धरतो त्याचाच माल तराजूत असेल, तर गिऱ्हाईक काट्याकडे जरा निरखून बघतं. विद्यापीठात तराजू दिसत नाही, एवढाच फरक. वाण कोणता चांगला, औषध कोणतं चांगलं, नोकरीला उमेदवार कोण चांगला, हे ठरवणारी माणसं तिथे असतात. त्यांनाही भाऊ असतात, सासुरवाड्या असतात, मुलंबाळं असतात. ती असणं हा गुन्हा नाही. मी हे कित्येकांना हात जोडून सांगितलं, कित्येकांना ओरडून सांगितलं. आपला माल कोणता ते आधी बोलून दाखवायचं आणि तेवढ्यापुरता तराजू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच मागणं.

आमच्याकडे गावदेवीच्या जत्रेला बोकड पडला की पळसाच्या पानांवर मटणाचे वाटे घालतात. रीत अशी की वाटे घालणाऱ्याने आपला वाटा सर्वांत शेवटी उचलायचा. त्यामुळे हाड आणि मांस असं सारखं पडतं की कोणी तोंड वाकडं करत नाही. एखादा वाटा हलका पडलाच तर तो घालणाऱ्याच्याच घरी जाणार असतो. समितीच्या पहिल्या बैठकीत मी हा नियम मांडला. कीटकशास्त्राचे प्राध्यापक हसून म्हणाले, “मॅडम, हे विद्यापीठ आहे, जत्रा नव्हे.”

“म्हणून तर सांगावं लागतंय,” मी म्हटलं. “जत्रेत सगळ्यांना माहीत असतं.”

पुढे केंद्रात ‘वाट्याचा नियम’ हा शब्द चेष्टेत रूढ झाला, पण रूढ झाला. त्याची काही गंमतही झाली. केंद्राची शेतं सांभाळणारे अधीक्षक नांगरणीसाठी नेहमी किन्हवलीहून एकच ट्रॅक्टर भाड्याने आणायचे आणि तो किती वेळ चालला तेही स्वतःच लिहायचे. मी त्यांना बोलावलं.

“भावाचा ट्रॅक्टर आहे म्हणे?”

“सख्खा भाव नाय बाई, चुलत हाय.”

“भाऊ चुलत असेल. ट्रॅक्टर सख्खा आहे ना?”

ट्रॅक्टरमध्ये त्यांची भागी होती. मी ट्रॅक्टर बंद केला नाही. तो चांगला होता आणि वेळेवर यायचा. फक्त किती चालला ते लिहायचं काम दुसऱ्याकडे दिलं. त्यानंतर ट्रॅक्टर पुष्कळच भराभर नांगरू लागला.

दुसरे एक ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांची मुलगी संशोधन सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला आली होती आणि हे मुलाखत घेणाऱ्यांत. मी त्यांना दारातच अडवलं. ते लाल झाले. “मी पूर्णपणे तटस्थ राहणार आहे!”

“मग बाहेर बसा, सर. तटस्थ माणसाला आत काय आणि बाहेर काय!”

ते पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलगी निवडली गेली, हुशार होतीच. पेढे घेऊन आली तेव्हा हळूच म्हणाली, “ताई, बाबा आत असते ना, तर मला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.” हे काम कोणाला पकडण्यासाठी नसतं, खऱ्या माणसाच्या खरेपणावर कोणी बोट ठेवू नये म्हणून असतं. ते माझ्यापेक्षा त्या पोरीला आधी समजलं होतं.

मग नियमावली लिहायची वेळ आली. कर्मचाऱ्याने आपल्या कुटुंबाचे हितसंबंध जाहीर करावेत, असं वाक्य होतं. आता कुटुंब म्हणजे कोण? मी यादी लांबलचक केली होती: नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण, सासूसासरे, जावई, मेहुणा. गिऱ्हाईक मेथीची जुडी सोडून एकेक काडी बाजूला काढतं, तशी समिती एकेक नातं काढायला लागली. मीही हटले नाही. जावई वाचवला. भाऊ वाचवला. सासऱ्यावर बराच वेळ गेला, पण तो वाचला. शेवटी मेहुण्यापाशी आलो. तेव्हा डॉक्टर, तेही समितीवर होते, म्हणाले, “मॅडम, मेहुणा हे नातं नसून संकट आहे. त्याच्यावर आमचा ताबा कुठे असतो?”

सगळी खोली हसली. ज्यांना मेहुणे होते ते जास्त हसले. हसण्यावारी मेहुणा गेला, आणि वाक्यात शब्द आले, ‘मेहुणा वगळून’. त्या खोलीत एकाच माणसाचा मेहुणा बियाणांच्या धंद्यात उतरत होता आणि विनोद त्यानेच केला होता, हे मला पुढे कळलं.

त्याच उन्हाळ्यात डॉक्टर माझ्या टेबलाशी आले. डोंगराकडची जुनी हळवी भातं, म्हणजे लवकर तयार होणारी, ते गोळा करत होते. “तुम्ही त्या भागातल्या. चांगलं बियाणं कोणाकडे मिळेल?” मी एका शब्दात सांगितलं, बारकूबाई. बाजारात ती माझ्या आईच्या शेजारी बसायची. तिच्या घरच्या भाताला दसरसाळ म्हणत, कारण दसऱ्याच्या आधी ते कापायला येई. पाऊस लवकर गेला तरी हाती लागणारं भात ते. पेरणीच्या आधी आसपासच्या गावांची माणसं आपलं भात तिच्या सुपात ओतत आणि तिचं बियाणं घेऊन जात.

मी डॉक्टरांना घेऊन गेले. जीप खाली ठेवून चढावं लागलं. बारकूबाई अंगणात होती. तिने मला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि फैलावर घेतलं.

“गंगूची पोर ना गो तू? कचेरीत लागलीस तं आमाला इसरलीस.”

“विसरले नाही मावशी. साहेबांना घेऊन आले. तुझं भात पारखायला नेणार आहेत.”

“पारखाया? माज्या आजेसासऱ्याच्या टायमापासून खातोय आमी ते. आता पारखनार?”

डॉक्टर छान हसले. बोलायला ते गोड होते, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी तिला समजावलं की केंद्रात इतर जातींच्या बरोबर लावून पाहू, चांगलं ठरलं तर दूरदूरच्या शेतकऱ्यांना मिळेल, नाव होईल. बारकूबाई आत गेली आणि सूपभर दसरसाळ घेऊन आली. मग एका मडक्यातून वेगळं मूठभर भात काढून तिने त्यात मिसळलं.

“हे काय आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“काळी काडी. देवीची मूठ हाय ती. बियान्यात पडलीच पायजे.”

मी त्यांना रीत सांगितली. काळ्या काडीच्या भाताचं खोड काळपट जांभळं येतं. शेतात अधूनमधून ती रोपं दिसली पाहिजेत. कापणीला आधी त्यांच्या लोंब्या वेचायच्या, काही देवीला बांधायच्या, काही पुढच्या मुठीसाठी मडक्यात ठेवायच्या. बारकूबाईचं घर सोडून ही रीत कोणी पाळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “असू दे. आम्ही तिकडे निवडून काढू.”

त्यांनी खिशात हात घातला तेव्हा बारकूबाई म्हणाली, “पैसं नको. काय निघालं ते येऊन सांग, बस.”

“नक्की सांगू.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तू हायस ना गो मधी?”

“आहे मावशी,” मी म्हटलं. हा शब्द मी दिला होता. पुढची सगळी कटकट या शब्दामुळे आहे.

चाचणी झाली. निकाल असा लागला: उत्पादन कमी, वाण मिश्र, शिफारशीयोग्य नाही. मी उरलेलं बियाणं परत मागितलं. डॉक्टर म्हणाले, चाचणीत संपलं. मी स्वतः जाऊन बारकूबाईला सांगितलं. ती चिडली नाही. “त्यांच्या जिमिनीला नसंल मानवलं,” एवढंच म्हणाली आणि मला जेवायला वाढलं.

त्यानंतर एका हंगामात, पेरणीच्या आधी, मी आईकडे धसईला गेले होते. बाजारातून जाताना आरडाओरडा ऐकला. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार फळीवरून उतरून बारकूबाईच्या समोर उभा होता.

“ए म्हातारे, उचल ते सुटं बियानं! कंपनीचा माल हाय तो. असा सुटा इकलास तर केस होईल.”

“माजं भात हाय रे, माज्या घरचं.”

“तुजं? मंग पिशवीवर तुजं नाव हाय काय?”

त्याच्या हातात रंगीत पिशवी होती. ‘त्वरिता’, लवकर येणारं भात. बारकूबाईच्या सुपापाशी एक शेतकरी बसला होता. तो दरवर्षी तिच्याकडून बियाणं नेणारा. त्याने ओंजळीतलं भात परत सुपात ओतलं, हात झटकले आणि म्हणाला, “नको गो बाय. चोरीचं निघालं तं माजी पंचाईत.”

चोरीचं. बारकूबाई कशालाच घाबरत नसे. त्या शब्दाने मात्र ती उठली. सूप तसंच डोक्यावर घेतलं आणि स्टॅंडकडे चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाठ सावकाश जात नव्हती.

मी पिशवी विकत घेतली. तिच्यावर छापलेली कंपनी कोणाची, हे मला शोधावं लागलं नाही. तो माणूस गाडी घेऊन आमच्या केंद्रात यायचा आणि शिपायाला विचारायचा, “दाजी आहेत का आत?” दाजी म्हणजे डॉक्टर. हा त्यांच्या बायकोचा भाऊ. वगळलेला मेहुणा.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि पिशवीतले दाणे त्यांच्या टेबलावर ओतले.

“मॅडम, भाताचे दाणे एकमेकांसारखेच दिसतात,” ते म्हणाले.

“बाजारात बसून मोठी झालेल्या बाईला हे सांगताय?”

“आणि नियमाचंच बोलायचं तर नियमात मेहुणा नाही. तुम्हीच लिहिलेला नियम आहे.” ते तसंच गोड हसले.

माझा आवाज मग प्रयोगशाळेपर्यंत गेला, असं लोक सांगतात. “मेहुणा नसेल नियमात, तुम्ही तर आहात! माल निकामी ठरवणारे तुम्ही आणि निकामी माल विकणारा तुमच्या घरचा. निकामी होता तर विकला कसा? चांगला होता तर निकामी का म्हटलात?”

याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

मी तक्रार केली. ती संचालकांकडे गेली. त्यांनी आदेश दिला की दसरसाळ आणि त्वरिता हे वाण एक की वेगळे, याबाबत केंद्रातील भाततज्ज्ञाचं मत घ्यावं. केंद्रात भाततज्ज्ञ एकच होता. डॉक्टर. मला वाटलं, घाईत चूक झाली असेल. फोन केला.

“साहेब, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचंच मत मागवलंय.”

“मॅडम, भातातलं तिथे दुसरं आहे कोण?”

“वाटे त्यांनी घातले, उचलले त्यांनी, आणि आता कमी कोणाला पडलं ते सांगणारही तेच?”

“मुद्द्याचं बोला.”

“हाच मुद्दा आहे, साहेब.”

त्यांनी फोन ठेवला. डॉक्टरांनी मत दिलं: दोन्ही वाण भिन्न.

तेव्हा मी ठरवलं की आता भातालाच बोलू द्यायचं. पुन्हा डोंगर चढले. बारकूबाईचं एक खाचर खाली धसईच्या रस्त्याला लागून होतं. त्यात एका बाजूला तिचं भात आणि एका बाजूला पिशवीतलं लावायचं, अशी माझी योजना. ती ऐकेना.

“परक्याचं बियानं माज्या खाचरात? नाय जमायचं.”

“मावशी, अर्ध्यात.”

“कोपऱ्यात लाव. मूठभर जागा देते.”

“रस्त्यावरून दिसलं पाहिजे. अर्धं.”

“पाव.”

तीही बाजारातच मुरलेली होती. शेवटी मी म्हटलं, “मावशी, चोर म्हणाले तुला. पाव खाचरात ते धुऊन निघेल?” ती म्हणाली, “लाव अर्धं.”

आता माझाच नियम मला पाळायचा होता. पिशवीला मी किंवा बारकूबाईने हात लावून चालणार नव्हतं. मी दुकानदाराकडे गेले. “पिशवी तुझ्या दुकानातली, तुझ्या हाताने फोड, तुझ्या हाताने पेर. ही बाई चोर निघाली तर बाजारात मीच ओरडून सांगेन.” त्याला जोर चढला. राब, म्हणजे रोपं तयार करायला पालापाचोळा घालून भाजलेली जमीन, आम्ही दोन ठिकाणी वेगवेगळे केले. त्याने आपल्या हाताने त्वरिता पेरलं. बारकूबाईने आपलं दसरसाळ पेरलं आणि देवीची मूठ फक्त आपल्याच राबात टाकली. पिशवीच्या राबाकडे ती फिरकलीसुद्धा नाही. लावणीलाही दुकानदार हजर होता.

पीक पोटरीला यायच्या, म्हणजे लोंब्या धरायच्या, आधीच त्याचा मला निरोप आला, येऊन बघा. मी गेले तेव्हा तो बांधावर उकिडवा बसला होता. दोन्ही अर्ध्या भागांत, हिरव्या भातात विखुरलेल्या, काळ्या काड्या उभ्या होत्या. बारकूबाईच्या भागात होत्या, त्या असणारच होत्या. पिशवीच्या भागातही होत्या. केंद्रात भेसळ निवडून काढायची असते, ती मेहुण्याच्या घाईत कोणी काढलीच नव्हती. तिने सुपात टाकलेली मूठ केंद्रात जाऊन, वाढून, पिशवीत बसून, परत तिच्या खाचरात आली होती.

“बाय,” दुकानदार म्हणाला, “ही तर देवीची मूठ.” तोही इथलाच होता. तो उठला आणि पलीकडे उभ्या असलेल्या बारकूबाईच्या पाया पडला. पुढच्या बाजाराला त्याने आपल्या फळीशेजारची जागा झाडून तिला बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः सांगू लागला की भात हिचं आहे. तो माणूस तोंडाने वाईट असेल, पण जे पाहिलं ते त्याने मानलं.

मी संचालकांना पाहणीला बोलावलं. सहज आले नाहीत, त्यासाठी मी पुष्कळ वरपर्यंत ओरडले. शेवटी एका दुपारी जीप आली. रस्ता तेव्हा कच्चा होता, चिखल होता. खाचर रस्त्याला लागून, दोन ढांगांवर. मी साडी खोचून बांधावर उभी. गावातले लोक जमलेले. जीप थांबली, पण दार उघडलं नाही. संचालकांनी काच खाली केली.

“साहेब, उतरा. दाखवते.”

“इथून दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“भात.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी काळ्या काड्यांकडे बोट दाखवून सांगू लागले, तोवर बारकूबाई खाचरात शिरली. पिशवीच्या भागातलं एक काळं रोप तिने मुळासकट उपटलं आणि चिखल गळत असतानाच जीपच्या खिडकीत धरलं.

“घ्या सायब. तुमच्या पिशवीतलं हाय. हातात घेऊन बघा.”

संचालक मागे सरकले. “अहो, अहो, गाडी खराब होईल!” आणि काच वर गेली. जीप पुढे जाऊन वळली आणि आमच्या समोरून निघून गेली. बारकूबाई रोप हातात धरून तशीच उभी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्याला बघायचंच नवतं गो. बघितलं असतं तर बोलाया लागलं असतं.”

अहवालात लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहणी केली, काही आढळले नाही. शिवाय डॉक्टरांना आणि मला, दोघांनाही, ‘यापुढे दक्षता घ्यावी’ अशी समज देण्यात आली. चोरी करणाऱ्याला आणि ओरडणाऱ्याला सारखाच वाटा. पुढे माझी बदली झाली, पार दक्षिण कोकणात. डॉक्टरांनी काही वर्षांनी नोकरी सोडली आणि उघडपणे मेहुण्याच्या कंपनीत सल्लागार झाले. ते निदान जिथे बसायला हवे होते तिथे जाऊन बसले.

बदलीच्या ठिकाणी मी रडत बसले नाही. तिथेही समिती होती आणि तिथेही सचिव व्हायला कोणी तयार नव्हतं. पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, यादीत मेहुणा राहणार. ज्याला विनोद करायचा असेल त्याने आधी आपल्या मेहुण्याचा धंदा सांगायचा. कोणी विनोद केला नाही. निवृत्त होईपर्यंत ते वाक्य मी कोणाला हलवू दिलं नाही. पण जे काम दुसरीकडे जमलं ते बारकूबाईच्या बाबतीत जमलं नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्वरिता अजून विकलं जातं. त्यांनी काळी काडी आता निवडून काढली आहे, एवढीच सुधारणा झाली.

यंदा मी हे लिहायला बसले त्याला कारण आहे. संचालक निवृत्त आहेत आणि संशोधनातील सचोटी या विषयावर व्याख्यानं देत फिरतात. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. त्यांच्या एका व्याख्यानाचं निमंत्रण मला आलं. ते बॅगेत ठेवून मी आधी बारकूबाईकडे गेले. ती आता खाटेवर असते. सून दसरसाळ लावते, मूठ टाकते. मी जवळ बसले तर म्हातारीने नेहमीचा प्रश्न विचारला.

“कुंदे, काय निघालं गो त्याचं? सांगाया येनार होते.”

“मी सांगितलं ना मावशी तुला.”

“तू सांगितलंस. तू आमच्यातली. त्यांनी कुठं सांगितलं?”

संचालक साहेब, तुम्ही केंद्रावर नव्हता, बियाणं तुम्ही नेलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण तराजू शेवटी तुमच्या हातात आला होता आणि तुम्ही काच वर केली. त्याचा जबाब तुम्ही द्यायचा आहे, आणि तो सभागृहात शाल पांघरून नाही. धसईला या, बाजाराच्या दिवशी. तो रस्ता आता डांबरी झाला आहे, बूट खराब होणार नाहीत. दुकानदार तुम्हाला पुढची वाट दाखवील. बारकूबाईच्या खाटेपाशी गावासमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा, काय निघालं ते. म्हातारीचे फार दिवस उरलेले नाहीत. या, आणि या वेळी गाडीतून खाली उतरा.